पुण्यात व्हीलचेअरवरच्या आईला फिरायला कुठे नेता येईल?

ठिकाणं विचारली आहेत, तर आधी तीच सांगते. मेट्रो. स्टेशनांत लिफ्ट आहे, डब्याची फरशी फलाटाच्या पातळीला असते, खुर्ची सरळ आत जाते. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केल्यापासून तिथेही जमतं. सकाळी आठच्या आत जा. बाकी, फुटपाथ किमान 1.8 मीटर मोकळा हवा असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. प्रत्यक्षात मध्येच विजेचा डीपी बॉक्स येतो, झाड येतं, आणि दुचाकी अडवायला रोवलेले खांब खुर्चीच अडवतात. खुर्चीची रुंदी मोजून ठेवा. आमची 26 इंच आहे.

पण तुम्ही बिल्डिंगमधून बाहेर पडणार कसे? ते तुम्ही लिहिलंच नाहीये, आणि आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ती खुर्चीवर आहे. आम्ही तळमजल्यावर, म्हणून सगळे म्हणायचे, नशीब तुमचं. पण घर आणि गेट यांच्यामध्ये तीन पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या. त्या तीन पायऱ्यांनी तिला 14 महिने घरात बसवलं. दवाखान्यात जायचं तर वॉचमन आणि इस्त्रीवाले दादा तिला खुर्चीसकट उचलायचे, आणि आई डोळे मिटून पदर घट्ट धरून बसायची. एकदा म्हणाली, "मला पोत्यासारखं नका गं उचलू, मी घरातच बरी." नंतर देवाची फुलं स्वतः आणायचा विषयही तिने सोडला.

सोसायटीच्या सभेत मी रॅम्प मागितला. एक काका उठले. "एका माणसासाठी दोन स्कूटरची जागा घालवायची?" शेवटी वाद मिटवायला पाच फुटांचा गुळगुळीत उतार करून दिला. 18 इंच चढायला पाच फूट! हिशोब साधा आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी, म्हणजे 18 फूट हवेत. पहिल्याच दिवशी खुर्ची माझ्या हातून सुटली. वॉचमन धावला म्हणून आई वाचली. त्याच रात्री मी पार्किंगच्या भिंतीलगत खडूने 18 फुटांची रेघ मारली आणि सकाळी सगळ्यांना खाली बोलावलं. ज्या दोन स्कूटरसाठी भांडण चाललं होतं, त्या कित्येक वर्षं जागच्या हललेल्या नव्हत्या.

तुम्ही रॅम्प करून घ्याल तेव्हा चकचकीत ग्रॅनाइट नको, खडबडीत चेकर्ड टाइल्स लावा. दोन्ही बाजूंना कठडा, वर-खाली खुर्ची वळेल इतकी सपाट जागा. तुमची खुर्ची मोटरची असेल तर ती बरीच जड असते, माझ्या मापांवर जाऊ नका.

ते काका अजून "तुमचा रॅम्प" म्हणतात. तो आमचा नाही, खर्च सगळ्यांनी भरलाय आणि तेच बरोबर होतं. एका रविवारी मी सात ते अकरा गेटपाशी बसून मोजलं. दोन बाबागाड्या, सिलिंडरवाला, पाण्याचे जार, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या दोन काकू, चाकांच्या बॅगा ओढत गावाहून परतलेलं एक कुटुंब. आई दोनदाच गेली, एकदा फुलं आणायला आणि एकदा फुलवालीचे राहिलेले सुटे पैसे द्यायला.