पिसांचा डायनासोर आणि सुरुवातीचा पक्षी यांत फरक दाखवणारं नेमकं हाड कोणतं?

असं एक हाड नाही. तुम्ही परीक्षेसाठी पाच-सहा लक्षणांचा तक्ता मागितला आहे, पण तो भरायला बसलात की पक्ष्यांच्या रकान्यातलं निम्मं सामान डायनासोरांकडे निघतं. मी ऐरोलीत राहतो, प्राणिशास्त्र शिकलो, नोकरी वेगळ्याच क्षेत्रात केली. हाडांचा नाद आता रविवारच्या रश्श्यापुरता उरला आहे, तरी प्रयत्न करतो.

आधी एक किस्सा. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या संग्रहालयात बव्हेरियातला एक जीवाश्म होता. 1857 साली त्याची नोंद झाली ती टेरोडॅक्टिलस, म्हणजे उडणारा सरीसृप म्हणून. 1970 मध्ये अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांना त्यावर पिसांचे पुसट ठसे दिसले आणि तो आर्किऑप्टेरिक्स, म्हणजे सगळ्यांचा लाडका 'पहिला पक्षी' ठरला. पुढे 2017 मध्ये पुन्हा मोजमापं झाली आणि तो चीनमधल्या अँकिऑर्निस या पिसांच्या डायनासोराचा नातलग निघाला. आता त्याचं नाव ऑस्ट्रोमिया. तेच हाडूक, तीन बारशी! आणखी एक आर्किऑप्टेरिक्स 1951 मध्ये सापडला. ठसे इतके अस्पष्ट होते की 1973 पर्यंत तो कॉम्प्सोग्नाथस नावाचा छोटा डायनासोर म्हणूनच पडून होता. तज्ज्ञांची ही गत, मग तक्त्याचं काय घेऊन बसलात!

आता कोंबडी घ्या. पंख उकडून मांस काढलंत तर टोकाला तीन बोटांचे अवशेष दिसतील: एक छोटा सुटा अंगठा, आणि बाकीच्या दोन बोटांची तळहाताची हाडं एकमेकांना जुळलेली, मध्ये फट. आर्किऑप्टेरिक्सची तिन्ही बोटं सुटी होती, नखांसकट. डायनोनिकस या शिकारी डायनासोराचीही तशीच. मनगटातलं अर्धचंद्राच्या आकाराचं हाडही दोघांकडे आहे. त्याच्यामुळे हात बाजूला दुमडतो, पक्षी पंख मिटतो तसा. ऑस्ट्रॉम यांना पक्षी आणि डायनासोर यांचं नातं पटलं त्यात या मनगटाचा वाटा मोठा होता.

गळ्याखालचं व्ही आकाराचं हाड तर मोठी फसगत करून गेलं. ते गळ्याची दोन हाडं जुळून बनतं. डॅनिश संशोधक हाइलमान यांनी 1926 मध्ये लिहिलं की पक्षी डायनासोरांसारखे कितीही दिसोत, डायनासोरांना ही हाडंच नाहीत आणि एकदा गेलेला अवयव परत येत नाही, म्हणून पूर्वज दुसरा कोणीतरी. लोकांनी ते बरीच दशकं मानलं. गंमत अशी की 1923 मध्ये मंगोलियात सापडलेल्या ओव्हिरॅप्टर या डायनासोराला ते हाड होतं, फक्त ते दुसरंच काहीतरी समजलं गेलं. आज ते व्हेलोसिरॅप्टर आणि टायरॅनोसॉरस या डायनासोरांमध्येही माहीत आहे.

छातीचं उदाहरण तर उलटंच आहे. कोंबडीच्या उरोस्थीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, सुरीच्या पात्यासारखी उभी धार असते, तिलाच ते जाड पांढरं मांस चिकटलेलं असतं. आर्किऑप्टेरिक्समध्ये हाडाची उरोस्थी सापडलेलीच नाही, उलट व्हेलोसिरॅप्टरकडे छातीच्या हाडाच्या पट्ट्या होत्या. म्हणजे या एका बाबतीत 'डायनासोर' जास्त पक्ष्यासारखा!

शेपटीवरून तरी सांगता येईल? आर्किऑप्टेरिक्सची शेपटी लांब, वीसेक मणक्यांची. कन्फ्यूशिऑर्निस या चीनमधल्या जुन्या पक्ष्यामध्ये शेवटचे मणके जुळून एकच आखूड हाड झालेलं, शिवाय दात जाऊन चोच आलेली. त्याला पक्षी म्हणायला कोणी कचरत नाही, जरी बोटांना नखं शाबूत आहेत. पण मंगोलियातल्या नोमिंगिया या डायनासोराचेही शेवटचे मणके जुळलेले आहेत.

तक्ता करावाच लागणार असेल तर 'आहे/नाही' लिहू नका. हाड सुटं, थोडं जुळलेलं की पूर्ण जुळलेलं, असं लिहा. पूर्ण जुळलेल्याचा नमुना हवा तर आमच्या खाडीत फ्लेमिंगो आले की त्यांच्या पायाकडे बघा: मागे वाकलेला 'गुडघा' हा खरं तर घोटा, आणि त्याखालची लांब काडी म्हणजे तळपायाची हाडं जुळून झालेलं एकच हाड.

आणि कोंबडी आणाल तेव्हा दुकानात आधीच सांगा, पंखाचं टोक तोडून टाकू नका म्हणून. नाहीतर बोटं तिथेच राहतात.