टाके निघाल्यानंतरचे दिवस

ताई, मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर यजमानांना घरी आणल्यावर थकवा, झोपेचा बिघाड आणि शब्द चटकन न आठवणे यांनी घाबरून जाऊ नका; माझ्या शस्त्रक्रियेनंतर हे सारे बरेच महिने रेंगाळले होते. मात्र नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव ठिबकू लागला, विशेषतः पुढे वाकल्यावर, आणि घशात खारट चव जाणवली, तर सर्दी समजून वाफ देत बसू नका, कारण तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो आणि त्याच वाटेने जंतुसंसर्ग आत शिरतो. ताप, मान आखडणे, वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा एकाच पोटरीला सूज, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

आकडी आल्यास त्यांना कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. तोंडात चमचा घालू नका, आणि शेजारी कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावले तर त्यांना थांबवा. ५ मिनिटांत आकडी थांबली नाही तर १०८ ला फोन करा. तुम्ही घोडबंदर रस्त्याला राहता, तेव्हा संध्याकाळच्या कोंडीतही गाठता येईल अशा कोणत्या रुग्णालयात न्यूरोसर्जन आणि सीटी स्कॅन चोवीस तास मिळतो, हे आजच विचारून ठेवा.

लेव्हेटिरासिटॅम (आकडी रोखणारे औषध) आणि डेक्सामेथासोन (मेंदूची सूज कमी करणारे स्टेरॉइड) मनाने बंद करू नका. दुसरे तर डॉक्टर सांगतील तसे टप्प्याटप्प्यानेच कमी करायचे असते. त्याने रक्तातील साखर वाढू शकते, आणि चिडचिड तर दोन्ही गोळ्यांनी होऊ शकते, त्यामुळे ते आमटीतल्या मिठावरून ओरडले तरी मनावर घेऊ नका. डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला.