विसार, बयाणा आणि बंदरावरची अंगठी

देवगडच्या एका बागायतदारांचा प्रश्न आहे: आंब्याची कलमं कराराने देताना व्यापारी जी पहिली रक्कम हातावर ठेवतो, तिला कागदावर 'विसार' म्हणावं की 'ॲडव्हान्स'? दोन्ही एकच ना?

एकच नाहीत हो! आणि 'टोकन' तर मुळीच नको. टोकन दवाखान्यात मिळतं. मोहोर बघून दहा हजार देऊन गेलेला माणूस बाजार पडला की फोन करतो, 'टोकनच तर दिलं होतं, परत करा.' ॲडव्हान्स म्हणजे किमतीतला आगाऊ पैसा. विसार म्हणजे शब्द पाळण्याची हमी. सौदा पुरा झाला तर किमतीत वळता, घेणारा फिरला तर बुडाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली विमानांच्या भंगाराच्या सौद्यात हेच धरलं. माल १० लाखांचा, अनामत अडीच लाख; घेणाऱ्याने सौदा मोडला, अडीच लाख गेले. (झाडावरचा आंबा 'माल' कसा, असं कुणी विचारलं तर १९३० च्या मालविक्री कायद्यातली व्याख्या दाखवा. उभं पीक त्यात बसतं, आणि तोडून न्यायच्या बोलीवर विकलेली, जमिनीला धरून असलेली वस्तूही.)

'बयाणा' म्हणजेही विसारच. अरबी 'बै' म्हणजे विक्री, त्यावरून. झालं.

खरी गंमत 'संचकार' या जुन्या शब्दात आहे. अर्थ तोच, विसार. आमचे एक निवृत्त गुरुजी तो दर वेळी 'संचय'पासून काढतात आणि ऐकत नाहीत. गुरुजी, अमरकोश हा जुना संस्कृत कोश उघडा: सत्यापन, सत्यंकार, सत्याकृती, एका ओळीत तिन्ही. सत्यंकार, म्हणजे बोलणं खरं करणं. पाली 'सच्चकार', पुढे संचकार. यात संचय कुठे आला?

स्मृतिकार याज्ञवल्क्य म्हणतो, 'सत्यंकारकृतं द्रव्यं द्विगुणं प्रतिदापयेत्'. त्याच्या स्मृतीवरची टीका मिताक्षरा त्याची फोड करते: सौदा ठरवताना अंगठीबिंगठी दुसऱ्याच्या हाती दिली आणि देणाराच फिरला, तर अंगठी गेली, अंगठी घेणारा फिरला, तर दुप्पट परत. म्हणजे बागवाल्यालाही बांधून घेतलंय. आपल्या विसारपावत्यांत ही दुसरी बाजू किती जण लिहितात?

आणि ही अंगठी नुसती टीकाकाराच्या डोक्यातली नव्हे. चुल्लकसेट्ठी जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या पाली कथांपैकी एकीत, बंदराला मोठं जहाज लागल्याचं कळताच एक पोरगा भाड्याचा रथ करून धावतो आणि मुद्रेची अंगठी 'सच्चकार' देऊन सगळा माल अडवतो. मागून वाराणसीचे १०० व्यापारी येतात, तर माल आधीच बोललेला! मला तर वाटतं, हा शब्द मुळात बंदरावरच रुळला असणार. जहाज लागलं की रोकडा मोजायला वेळ कुणाला असतो? बोटातली अंगठी काढायची. पहाटे मासळीच्या लिलावाला कधी हर्णैच्या किनाऱ्यावर उभे राहून बघा, मग माझ्या तर्काला हसा.

कानडीत संचकार अजून जिवंत आहे, आणि तिथे त्याला भयंकर अर्थ फुटलाय. 'प्राणक्के संचकार' म्हणजे जिवावर बेतणं. यमाने तुमच्या जिवाचा विसार देऊन ठेवलाय!

हां, तुमचा कागद. 'विसार' लिहा, आणि सौदा कुणी मोडला तर काय, हेही खाली स्वतंत्र कलमात लिहा. आंब्याच्या नव्हे, कराराच्या.