भाड्याच्या यंत्राने कार्पेट धुताना

प्रश्न : इंग्लंडमध्ये स्लाऊ येथे आम्ही सहा वर्षे भाड्याच्या घरात राहत आहोत आणि पुढच्या महिन्यात ते सोडणार आहोत. घरभर फिकट रंगाचे कार्पेट जडवलेले आहे. जिन्यावर आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर ते काळपट होऊन दबले आहे, शिवाय जेवणाच्या टेबलाखाली हळदीचे डाग आहेत. सुपरमार्केटमधून यंत्र भाड्याने आणून आम्हीच ते धुवावे, असे वाटते. एजंट मात्र व्यावसायिक सफाईची पावती मागतो. काय करावे?

उत्तर : पावतीची चिंता आपण करू नये. २०१९ च्या ‘टेनंट फीज ॲक्ट’नुसार इंग्लंडमधील घरमालक किंवा एजंट व्यावसायिक सफाईसाठी पैसे मोजण्याची सक्ती भाडेकरूवर करू शकत नाहीत. घर ताब्यात घेताना जितके स्वच्छ होते तितके ते परत करणे एवढीच आपली जबाबदारी आहे, आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज अनामत रकमेतून कापता येत नाही. म्हणून घरात राहायला येताना केलेली घराच्या स्थितीची यादी व छायाचित्रे आजच शोधून ठेवावीत.

मळ आणि झीज यांतला हा फरक सफाईच्या कामातही तितकाच महत्त्वाचा आहे. बुटांबरोबर आलेली बारीक वाळू पावलांच्या दाबाखाली तंतूंना घासत राहते. त्यांचा पृष्ठभाग खरवडला जातो, त्यावरून प्रकाश पूर्वीसारखा परावर्तित होत नाही आणि ती वाट धुतल्यानंतरही मंद दिसते. बोटांनी लव बाजूला सारून पाहावे. तळाशी धूळ असून तंतू भरदार असतील तर धुण्याचा उपयोग होईल. तंतू विरळ होऊन खालचे अस्तर दिसत असेल, तर जगातले कोणतेही यंत्र ते परत आणू शकणार नाही.

यंत्र आणण्याच्या आदल्या दिवशी सर्व खोल्या व्हॅक्यूम क्लिनरने अगदी सावकाश, उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी झाडून घ्याव्यात. कार्पेटमधल्या घाणीचा मोठा भाग सुकी माती असतो. ती राहिली आणि वर पाणी पडले की तिचा चिखल होऊन तळाशी बसतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या मते निम्मे यश त्यातच आहे.

इंग्लंडमध्ये ८० टक्के लोकर आणि २० टक्के नायलॉन असे मिश्रण फार वापरले जाते. कपाटाच्या कोपऱ्यातला एखादा तंतू काढून सिंकवर धरून जाळावा. केस जळल्यासारखा वास आला तर त्यात लोकर आहे. लोकरीला कोमट पाणी आणि लोकरीसाठी चालेल असे लिहिलेलेच द्रावण वापरावे. प्रथिने विरघळवणारी एन्झाइमयुक्त साबण पावडर तिला इजा करते, कारण लोकर स्वतःच प्रथिनांची बनलेली असते. द्रावण आधी एखाद्या झाकल्या कोपऱ्यात लावून पांढऱ्या कापडाने टिपावे व रंग सुटत नाही ना, हे पाहावे.

हळदीच्या डागांबाबत मात्र विशेष सावध राहावे, कारण यंत्राबरोबर मिळणारी बरीच द्रावणे अल्कधर्मी असतात आणि हळदीला अल्क लागले की ती लाल होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणामुळे. डाग तसा लालसर झालाच, तर पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने तो न घासता टिपावा, म्हणजे पुन्हा पिवळा होईल. नंतर पडदे उघडे ठेवावेत. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, त्यामुळे खिडकीतून ऊन येत असेल तर काही दिवसांत डाग बराच फिका पडतो.

यंत्र पाणी फवारते आणि लगेच ओढून घेते. बहुतेक मोठी यंत्रे मागे ओढत चालवायची असतात. कळ दाबून एकदा सावकाश मागे यावे, मग कळ सोडून त्याच पट्ट्यावरून दोन-तीनदा केवळ पाणी ओढावे. नवख्या माणसाला कळ दाबून धरण्याचा मोह होतो. त्याने कार्पेट अधिक स्वच्छ होत नाही, पाणी मात्र कार्पेटखाली अंथरलेल्या फोमपर्यंत पोहोचते. द्रावण बाटलीवरच्या प्रमाणापेक्षा जास्त घालू नये, आणि शेवटी एक फेरी साध्या पाण्याची द्यावी, कारण मागे राहिलेला चिकट साबण नवी धूळ धरून ठेवतो. जिन्यासाठी हाताने धरायची नळी मागून घ्यावी.

वाळवण्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पंखे आणि थंडी असल्यास हीटरही चालू ठेवावा. ४८ तासांनंतरही ओल राहिली तर बुरशीची भीती असते. फर्निचर लवकर ठेवणे भागच असेल, तर पायांखाली ॲल्युमिनियमची फॉइल घालावी, नाहीतर लाकडाचा रंग किंवा गंज कार्पेटला लागतो.

प्रश्न : यंत्राने धुतल्यावर कार्पेट स्वच्छ दिसले, पण वाळल्यावर चहाचा जुना डाग त्याच जागी परत आला. पुन्हा धुवावे का?
(लेस्टर येथील वाचक)

उत्तर : लगेच धुऊ नये. तळाशी मुरलेला डाग ओल्या तंतूंमधून पाण्याबरोबर वर चढतो आणि पाणी उडून गेल्यावर टोकाशी साचतो. अधिक पाणी घातल्यास तेच पुन्हा घडेल. त्या जागेवर अगदी थोडे द्रावण लावून टिपावे, नंतर पांढऱ्या सुती टॉवेलची जाड घडी ठेवून वर वजन ठेवावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. डाग कार्पेटच्या टोकाऐवजी टॉवेलमध्ये चढतो. सकाळी टॉवेलवर पिवळसर वर्तुळ दिसले, तर कोरडी घडी ठेवून हेच आणखी एकदा करावे.