ईसीएमवाल्या गाडीत जास्त अँपिअरचा अल्टरनेटर बसवला तर ईसीएम जळेल का?

तुमची 2018 ची डिझेल गाडी, कंपनीचा 90 अँपिअरचा अल्टरनेटर, वर 1000 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि मागे छोटा फ्रिज. सिग्नलला थांबलं की बेस वाजताना हेडलाइट डुलतात, म्हणून 150 चा बसवावा म्हणताय. ऑटो इलेक्ट्रिकच्या धंद्यात आहे, आमच्या बाजारात याला अजूनही डायनामोच म्हणतात, तर जे रोज हाताखालून जातं ते सांगतो.

अँपिअरमुळे ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जळत नाही. अल्टरनेटर करंट ढकलत नाही; लोड, म्हणजे गाडीतली वीज खाणारी उपकरणं, जेवढा मागेल तेवढाच देतो. ईसीएमला मारतो तो व्होल्टेज. आमच्यातले जुने मेस्त्री गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढतात, 'डायनामो चार्ज करतोय का' बघायला. जीपगाडीत चालून गेलं. आता त्या क्षणी वायरिंगमध्ये कितीतरी पट व्होल्टेजचा झटका जातो. तुमच्या गाडीला हे कोणी करू लागला तर हात धरा.

खरी अडचण रेग्युलेटरची, म्हणजे अल्टरनेटरचा व्होल्टेज ठरवणाऱ्या भागाची आहे. जुन्या अल्टरनेटरमध्ये तो स्वतःच्या बुद्धीने 14.2 व्होल्टच्या आसपास धरून बसायचा. आता बऱ्याच गाड्यांत किती व्होल्ट हवेत हे ईसीएम एका बारीक वायरीवरून सांगतो, म्हणजे लिन (गाडीतल्या भागांची एका वायरीवरून बोलायची पद्धत) किंवा पल्सचा सिग्नल. गाडी पळवताना 12.6 वर आणतो, पाय सोडला की 14.8 वर नेतो. (हा 12.6 बघून चांगले अल्टरनेटर बदललेले लोक मी पाहिलेत.) ही भाषा न समजणारा अल्टरनेटर लावला तर बॅटरीचा दिवा पेटतो, स्कॅनरवर पी0620 सारखा बिघाडाचा कोड येतो. लिनवाला असेल आणि संपर्क तुटला, तर तो आपला ठरावीक 13.5 च्या आसपास काहीतरी देत राहतो.

एकाने जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा 150 चा आणून माझ्याकडे टाकला. ब्रॅकेट जुळलं, प्लगही बसला, पण दिवा विझेना. शेवटी मागची टोपी काढून त्याच्याच जुन्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर नव्यात बसवून पाहिला. कार्बनचं (आत घासणाऱ्या ब्रशचं) अंतर वेगळं, बसेना. पैसे पाण्यात. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा, तोच रेग्युलेटर असलेला मिळतो का बघा. पार्ट नंबर जुळवा, प्लगचा आकार बघून भुलू नका.

पण आधी, तुम्हाला तो लागतोय का? 150 हा आकडा अल्टरनेटर 6000 आरपीएमला फिरताना मोजलेला असतो. सिग्नलला इंजिन 800 वर, पुली धरून अल्टरनेटर जेमतेम 2200 ते 2400 वर. तिथे 90 वाला निम्मंच देतो, आणि काही मोठे तर आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, जुन्याइतकंच देतात. शिवाय इंजिन बंद पडू नये म्हणून रेग्युलेटर लोड हळूहळू, दोन-चार सेकंदांत उचलतो. बेसचा ठोका तेवढ्यात येऊन गेलेला असतो. तो ठोका झेलायचं काम बॅटरीचं. फ्रिजची काळजी नको, तो पाचेक अँपिअर घेतो.

तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर वाजवत ठेवून मल्टिमीटर लावा: एक टोक अल्टरनेटरच्या जाड नटाला, दुसरं बॅटरीच्या प्लसला. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर किंवा लग (वायरीच्या टोकाची कडी) खराब. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस. दहातल्या पाच-सहा गाड्या इथेच, इंजिनच्या अर्थिंगला सापडतात.

अ‍ॅम्प्लिफायरची काळी वायर कुठे जोडलीय तेही बघा. मायनस टर्मिनलवर चौकोनी ठोकळा असेल तर तो करंट सेन्सर, बॅटरीतून किती करंट येतो-जातो ते ईसीएमला सांगणारा. वायर थेट पोलवर कसली असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचा करंट त्या सेन्सरमधून जातच नाही, ईसीएमचा हिशेब चुकतो आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहते. ती काढून बॉडीला, रंग खरवडून, घट्ट कसा.

एवढं करूनही दिवे डुलले तर मोठा बसवा. मग मात्र अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत 35 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, बॅटरीच्या बाजूला फ्यूज आणि नवा बेल्ट, तिन्ही त्याच दिवशी. तिथली कंपनीची जुनी वायर आणि तिचा फ्यूज 90 च्या हिशेबाने दिलेला आहे.