फॅरिल स्मिथचा पहिला अल्बम खरंच ऐकण्यासारखा आहे का, की नुसती टीव्हीची हवा?

तुम्ही विचारलंय की ब्रिटन्स गॉट टॅलेंट या टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या फॅरिल स्मिथचा पहिला अल्बम खरा क्लासिकल आहे की पोरगी टीव्हीवर गाजली म्हणून घाईघाईत काढलेला माल, आणि आपल्यासारख्या हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्याने त्याच्या वाटेला जावं का. जरूर जा, फक्त ऑपेरा ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून बसू नका.

ही इंग्लंडमधल्या केटरिंगची. 2008 ला ऑडिशन दिली तेव्हा 12 वर्षांची होती आणि गायली काय तर आवे मारिया, म्हणजे मदर मेरीची लॅटिन प्रार्थना! सेमीफायनल लोकांच्या मतांवर मारली पण फायनलला पहिल्या तिघांतही नाही, जिंकला जॉर्ज सॅम्पसन नावाचा डान्सर. (त्याच सुमारास आपल्याकडे लिटिल चॅम्प्स चालू होतं, कार्तिकी जिंकली आणि आर्याचे फॅन अजून हळहळतात, तर हे तिकडचं तसलंच प्रकरण समजा.) हरली तरी डेक्काने करार केला, म्हणजे ज्यांनी पावारोत्ती या बड्या ऑपेरा गायकाच्या रेकॉर्ड काढल्या तीच कंपनी, आणि मार्च 2009 मध्ये 'फॅरिल' बाजारात आला. ब्रिटनच्या चार्टवर थेट 4 नंबर, पहिल्याच आठवड्यात 29 हजारांच्या वर कॉप्या खपल्या. हवा होतीच, नाही कशाला म्हणू.

आता गाण्याचं बोलू. सुरुवात अमेझिंग ग्रेस या इंग्रजी भजनापासून करा, कारण ती चाल आपल्या कानाला लगेच ओळखीची वाटते, सरळ सरळ भूप रागाचे पाच स्वर आहेत, मध्यम नाही की निषाद नाही. पहिली ओळ मंद्र पंचमावरून उचलायची, षड्जावरून गंधाराला जायचं आणि रे सा ध करत परत खाली त्याच पंचमावर यायचं, पेटी असेल तर प सा ग सा ग रे सा ध प वाजवून बघा. अशा साध्या चालीत लपायला जागाच नसते, आणि हिची खरी मजा खालच्या सुरांत आहे. तिचा आवाज मेझो, म्हणजे सोप्रानो या बायकांच्या सगळ्यात वरच्या पट्टीच्या आवाजापेक्षा खालचा, जाडसर आणि ऊबदार, त्या वयाच्या मुलींचा असतो तसा किनरा अजिबात नाही. खालच्या पंचमावर आवाज विरत नाही, भरीव राहतो. 13 वर्षांच्या गळ्यात हे ऐकून मी तरी चाटच पडलो होतो.

रिव्हर ऑफ लाइट मात्र मला फार नाही आवडलं. स्ट्राउसच्या ब्लू डॅन्यूब वॉल्ट्झवर, म्हणजे नाचाच्या धुनेवर शब्द बसवलेत, आणि पाठीमागे ऑर्केस्ट्रा इतका चढवलाय की पोरीला श्वास घ्यायला पण उसंत नाही, पुरणपोळीवर तूप ठीक आहे हो पण इथे पोळीच बुडालीय. त्यापेक्षा कालोन लान नावाचं वेल्श भजन ऐका, तिथे ती निवांत गाते.

आता क्लासिकल की नाही. खरा ऑपेरावाला बिनमाइकचा अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवतो, त्यासाठी वर्षानुवर्षं तयारी लागते आणि 13व्या वर्षी गळा अजून वाढतच असतो, तेव्हा तिला मोठमोठ्या आरिया, म्हणजे ऑपेरातली एकट्याने गायची गाणी, गायला लावल्या असत्या तर गळ्याची वाट लागली असती. इथे माइक आहे, स्टुडिओ आहे, भजनं आहेत, चक्क जॉन डेन्व्हर या अमेरिकन लोकप्रिय गायकाचं अ‍ॅनीज साँग पण आहे. क्लासिकल आणि पॉपच्या अशा सरमिसळीला तिकडे क्रॉसओव्हर म्हणतात, काही क्लासिकलवाले नाकं मुरडतात. मला विचाराल तर त्या वयात हेच बरोबर होतं, आपल्याकडे पण कोणी शहाणा गुरू आठवीतल्या मुलीला तासभर ख्याल रेकॉर्ड करायला बसवणार नाही, दोन अभंग नि एक नाट्यगीत गा म्हणेल.

कंपनीवर माझा राग वेगळाच आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये वंडरलँड हा दुसरा अल्बम पण काढला. अरे, आठ महिन्यांत दोन? शाळकरी पोर होती ती! पहिला आवडला तरच दुसऱ्याकडे वळा, आणि नाही वळलात तरी चालेल.