सगळेच कुठे नीट विचार करतात? मग सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक आणि इतर सुरुवातीच्या उदारमतवाद्यांनी माणसाच्या विवेकावर एवढा भरवसा का ठेवला?

भरवसा ठेवला, हेच मुळात मला मान्य नाही. बहुतेक माणसं ऐकीव मतांवर आयुष्य काढतात हे लॉकला पक्कं ठाऊक होतं. मानवी आकलनावरच्या त्याच्या ग्रंथाचा चौथा भाग बघा. बहुतेक बाबतीत खात्री नसतेच, संधिप्रकाशात अंदाजाने चालावं लागतं. राजाही त्याच संधिप्रकाशात. मग त्याने दुसऱ्यावर मत लादायचं कोणत्या अधिकाराने?

कॉलेजला असताना मी काकांकडे राहायचो. दर गुरुवारी त्यांच्या महाराजांचं प्रवचन. बुडवलं की त्या आठवड्याचे बसचे पैसे बंद. वर म्हणायचे, "श्रद्धा ठेव असं कुठे म्हणतोय? नुसतं ऐक, विचार कर." ऐकलं, विचार केला, नाही पटत म्हणून सांगितलं. "म्हणजे नीट विचार केला नाहीस. पुढच्या गुरुवारी चल."

पुढे एम.ए.ला जोनस प्रोस्ट वाचला आणि उडालोच. लॉकने धार्मिक सहिष्णुतेवर पत्र लिहिलं होतं; ऑक्सफर्डचा हा पाद्री १६९० मध्ये त्याला उत्तर देताना हेच ऐकवत होता: बळाने श्रद्धा बसत नाही हे कबूल, पण थोडा जाच केला तर माणूस निदान विचाराला लागतो. चर्च चुकवणाऱ्याला १५५९च्या कायद्याने दर वेळी १२ पेन्स दंड होताच! लॉकने त्याची सालटी काढली. नीट विचार झाला की नाही हे ठरवणार कोण? विचार करूनही जो बधला नाही, त्याचा दंड माफ होणार का? होणार नसेल, तर तो तुमच्या होला हो न म्हटल्याचाच दंड. शिवाय फ्रान्सच्या कॅथलिक राजालाही स्वतःचाच पंथ खरा वाटतो. १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांची धर्माची मुभा काढून घेतल्यावर त्याने त्यांचे काय हाल केले ते इंग्लंड बघतच होतं.

काका म्हणतात, वळण लावायला धाक लागतोच. लागतो, पोराला समज येईपर्यंत. लॉकही बापाचा अधिकार तेवढाच मानतो. मी तेव्हा मतदान करून आलेला घोडा होतो.

हां, लॉक संत नव्हता. नास्तिकांच्या शपथेला किंमत नाही म्हणून त्यांना तो सहिष्णुतेतून सरळ वगळतो. परक्या सत्ताधीशाला बांधलेल्यांनाही, म्हणजे मुख्यतः कॅथलिकांना. आणि 'सुरुवातीचे उदारमतवादी' म्हणताना त्यात लॉकच्या आधीचा इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज घुसडू नका. तो बरंवाईट ज्याने-त्याने ठरवणं हा राज्याला जडलेला रोग मानतो. लॉक मात्र राज्यकर्ता चुकला का, याचा निवाडाही शेवटी लोकांकडेच देतो.

वाचायचंच तर लॉकचं सहिष्णुतेवरचं १६९०चं दुसरं पत्र घ्या, १६९२चं तिसरं फार लांबलंय. घरच्या कुणाला वाचायला देऊ नका, उपयोग होत नाही.